देवाच्या पाठीवरचं थिगळ

गोरेगावच्या बाजारात अनुसयाबाई ओतारणीची नथ फार प्रसिद्ध आहे. मुरमुरेवाला तागडी वर उचलत म्हणतो, "अर्धा तोळा तरी असन." बांगड्या भरणारी गिऱ्हाइकाचा हात तसाच दाबून धरते, मान पुढे काढते आणि आवाज पोटात घेऊन सांगते, "अर्धा कायचा वो, दीड! मोहटोल्याच्या तलावात तो बुद्धदेव निघाला होता ना, त्याच्या पाठीचं सोनं खरडलं तिनं. देवाची पाठ सोलली अन नथ केली, बाप्पा!" एक कारकून आहे, तो पान लावता लावता भर घालतो, "सुना है, मोती भी मूर्तीचाच आहे." जसे काही भगवान बुद्ध नाकात मोती घालून ध्यानाला बसत होते.

या तिघांना कान धरून अनुसयाबाईसमोर उभं करावं आणि म्हणावं, बघा. तिच्या नाकात नथ नाही. साधी चमकीसुद्धा नाही. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी खोचलेली आहे, ती वैशाखापासून तशीच आहे. बाजारात कोणालाच हे ठाऊक नाही, कारण तिच्या तोंडाकडे बघायची कोणाची छाती होत नाही. ती आली की मुरमुरेवाला मुरमुरे मोजायला लागतो, आणि बांगड्यावाली बांगड्या पुसायला लागते. नथ होती, तिच्या आईची होती. ती कुठे गेली ते सांगायचं तर मूर्तीपासून सांगावं लागतं. त्यात कोणाची लाज निघाली तर निघू द्या.

अनुसयाबाई आणि तिचा धाकटा भाऊ दुधराम ही ओताऱ्यांची दोनच माणसं गोरेगावात उरली आहेत. नवरा मेल्यावर ती माहेरी आली, त्याला वीस वर्षं झाली. विधवेने नथ घालू नये असं म्हणणाऱ्यांना तिने तेव्हाच गप्प केलं. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, घुंगरं, समया, कचारगडाच्या जत्रेला जाणाऱ्या लोकांचे छोटे देव, हे सगळं त्यांच्या अंगणात होतं. भट्टी दुधरामची, मेण अनुसयाबाईचं. वारुळाची माती आणि धानाचा कोंडा एकत्र तुडवून ती आधी आतला गाभा करते. गाभ्यावर मेणाचे दोरे बसवून घाटीचं रूप काढते आणि वरून पुन्हा माती लिंपते. सगळं भाजलं की मेण वितळून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुधराम वितळलेला धातू ओततो. मेण एकदा गेलं की गेलं. एका साच्यातून एकच वस्तू निघते, म्हणून चूक झाली तर सगळं पहिल्यापासून.

राग हा तिचा स्वभावच. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं म्हणून राग आणि हिवाळ्यात तडकतं म्हणून राग. दुधराम एक वाक्य बोलायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात तिची एक घाटी होते, त्याचाही राग. पण तिचा आवाज चढत नाही. शब्द आखूड होत जातात, उन्हात शेंगा तडकाव्यात तसे. सगळ्यात जुना राग पाऱ्यावरचा. तिचा बाप देवळांच्या कळसांना सोन्याचा मुलामा द्यायचा. सोनं पाऱ्यात विरघळवायचं, ते लोण्यासारखं लेपायचं आणि निखाऱ्यावर धरायचं, की पारा धूर होऊन जातो आणि सोनं राहतं. धूर कुठे गेला, तर बापाच्या छातीत. शेवटची दोन वर्षं त्याला पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता, एवढे हात थरथरत होते. पाणी अनुसयाबाईनेच पाजलं. तो गेल्यावर तिने पाऱ्याची कुपी उकिरड्यात खोल पुरली आणि दुधरामला सांगितलं, "हे घरात पुन्हा आलं तर मी घरातून गेली."

तर यंदाचा वैशाख, सन सदतीसचा. मोहटोल्यात मालगुजार, म्हणजे गावचे जमीनदार, श्यामलालजींच्या तलावातला गाळ उपसत होते. जंगलू नावाच्या गोंडाची कुदळ कशाला तरी लागली. "ठण्ण झालं असतं तर मी धोंडा समजलो असतो," असं जंगलू सांगतो. "पन ते डुप्प बोललं. म्हनून कुदळ फेकली अन हातानं काढलं." दीड वीत उंचीचा एक देव निघाला. मांडी घालून बसलेला, उजवा हात गुडघ्यावरून जमिनीला टेकलेला. गाळाखालून पिवळं चमकलं तसे सगळे मागे सरले. शाळेचे गुरुजी आले आणि म्हणाले, हा बुद्ध, बाराशे वर्षांचा तरी असेल. श्यामलालजी छत्री मिटत म्हणाले, "कोई भी हो, हमारे तालाब का है." आणि धुऊन आणायला त्यांनी मूर्ती दुधरामकडे पाठवली.

तीन दिवस मूर्ती ओताऱ्यांच्या घरी होती. दुधरामला अनुसयाबाईने हातसुद्धा लावू दिला नाही. चिंच नाही, राख नाही, नुसतं रिठ्याचं पाणी आणि शिंदीच्या पात्याची मऊ कुंचली. गाळ सुटत गेला तसतशी ती गप्प होत गेली, आणि ती गप्प म्हणजे काहीतरी भारीच. डोळे चांदीचे बसवलेले होते. ओठ तांब्याचे, सोन्याच्या चेहऱ्यात जरा लालसर, आताच पाणी प्यायल्यासारखे. अंगावरच्या वस्त्राची चुणी अशी, की मेणाचा दोरा ओढणाऱ्याने मधे श्वास घेतला नसावा. दोरा कुठे जोडला होता तेही तिने शोधलं. डाव्या खांद्याच्या मागे, जिथे कोणी बघत नाही. मूर्ती उलटी केली तर खालून पोकळ. अंग तांब्याचं, पत्रा सगळीकडून सारखा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा जाड. आत जळकी माती अजून चिकटलेली होती आणि मातीत धानाच्या कोंड्याचे ठसे होते.

"दुध्या, हा आपल्याचकडचा हाय," ती म्हणाली. "याच्या पोटात आपलाच कोंडा हाय."

मग तिने पाठ धुतली. उजव्या खांद्याखाली दोन बोटं लांब, दोन बोटं रुंद असा चौकोन निघाला. सगळं अंग सोन्याचं आणि तेवढाच तुकडा उघडा, काळपट. तिने खालून हात आत घातला. आतून तोच चौकोन हाताला लागला, कडेने उंचवटा असलेला. झालं, तिला कळायचं ते कळलं. ओतताना धातू तिथपर्यंत पोचला नव्हता, भोक राहिलं होतं. मूर्ती करणाऱ्या त्या बाबाने भोक चौकोनी कापून घेतलं आणि शिसं मिसळलेल्या काशाने भरलं, कारण ते लवकर वितळतं आणि कोपऱ्यात जातं. तीसुद्धा घाटीचं भोक तसंच भरते.

"अरे लेका," ती म्हणाली. देवाला नाही, देव करणाऱ्याला. "डोळे असे बसवले, ओठ असे बसवले, अन धातू जायची नाळ बारीक ठेवली? नाळेत काऊन कंजूशी केली?"

भट्टीजवळून दुधराम सावकाश म्हणाला, "हवा... अडली असन, बाई."

"हवा नाही अडली. घाई केली त्यानं."

"घाई... कोनाले नसते?"

"तुले नसते," अनुसयाबाई म्हणाली आणि चौकोनावरून ओलं फडकं फिरवलं, जखमेवरून फिरवतात तसं.

आता इथे ओताऱ्यांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. एका ओताऱ्याने दुसऱ्याच्या कामातलं थिगळ गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. दुसऱ्याची फुटकी समई मोडीत आली तरी थिगळाची बाजू खाली करून ठेवायची, मालकासमोर वर नाही करायची. भोक प्रत्येकाच्या हातून पडतं, आज त्याचं झाका, उद्या तो तुमचं झाकेल. म्हणून चौथ्या दिवशी दुधरामने मूर्ती मोहटोल्याला पोचवली आणि पाठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. जणू तो कारागीर पुढच्या बाजाराला भेटणार होता.

मोहटोल्यात त्याच दिवशी नंदलाल सोनार आला होता, श्यामलालजींच्या सुनेच्या तोरड्या घेऊन. नंदलालचा बोलण्याआधी घसा साफ करायचा एक प्रकार आहे, "ख्रं, ख्रं," जसं काही वाक्याला आधी कानशीने घासतोय. त्याने मूर्ती फिरवली आणि चौकोन पाहिला. कसोटीचा दगड काढून घासून पाहिला. "ख्रं. मालक, इथलं सोनं गेलेलं आहे."

"अपने आप?"

"ख्रं. सोनं आपल्या पायानं जात नाही, मालक. त्याले कोनी नेते."

श्यामलालजींनी बोटं मोजली. ओताऱ्याकडे तीन दिवस. बस्, एवढा हिशेब पुरला. सोनाराला सोनं कळतं, पण ते ज्या धातूवर बसतं तो धातू त्याला कळतो का, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळच्या आत दुधराम पोलीस थान्यात होता.

"सोना कहाँ गया?" थानेदार खेमराज विचारायचा. हा माणूस प्रत्येक प्रश्न दोनदा विचारतो, दुसऱ्यांदा टेबलावर थाप मारून. "कहाँ गया?"

"नव्हतंच."

"क्यों नहीं था? क्यों?"

आणि दुधराम गप्प. का नव्हतं हे सांगायचं म्हणजे थिगळ दाखवायचं. थानेदाराला वाटलं, हा चोर पक्का आहे.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई गडव्यात पेज घेऊन थान्यात गेली.

"सांगितलं काऊन नाही?"

"थिगळ... दाखवाचं का मंग?"

"तुह्या हातात बेड्या हायेत, दुध्या!"

"त्याच्या हातात नाहीत ना. तो मेला. मेल्यावर... त्याची चूक काढू का?"

तिने गडवा ठेवला आणि "पेज पी" एवढंच म्हणाली. पण ते असं म्हणाली, की पहाऱ्यावरच्या शिपायाने स्वतःचा चहा खाली ठेवला.

तिथेच तिला कळलं की उद्या तहसीलदारसाहेब मोहटोल्याला येणार आहेत. मूर्ती पेटीत घालून नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात जाणार, आणि दुधराम भंडाऱ्याच्या तुरुंगात. मूर्ती गेली म्हणजे पाठही गेली. मग जन्मभर कोणाला काही दाखवता येणार नव्हतं. दुधराम देवचोर, आणि ती देवचोराची बहीण.

थान्यापासून घरापर्यंत दोन कोस ती उन्हात चालली. सगळ्यांवर रागावत चालली. मालगुजारावर, सोनारावर, थानेदारावर, दुधरामच्या रीतीवर. आणि सगळ्यात जास्त त्या कारागिरावर, ज्याने बाराशे वर्षांपूर्वी नाळ बारीक ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामलालजींच्या अंगणात सतरंजी, तिच्यावर टेबल, टेबलावर बुद्ध. भोवती श्यामलालजी, नंदलाल, थानेदार. तहसीलदारसाहेब पुण्याकडचे. त्यांचा प्रत्येक शब्द नुकताच इस्त्री करून आणल्यासारखा. अनुसयाबाई सरळ आत आली. मागून गाळ उपसणारा जंगलू, देव आपण काढला म्हणून आपलाही हक्क, असं समजून.

"ए, ए! औरत अंदर कैसे आई? कैसे आई?" थानेदार.

"पायानं," अनुसयाबाई म्हणाली.

"बाई, आपण कृपया शांतपणे सांगा," तहसीलदार म्हणाले.

"शांत कायले? माह्या भावाले कोठडीत घातलं ते शांत होतं का? साहेब, तुम्ही शिकलेले. देवाले उचला. बूड पाहा. आत हात घाला."

श्यामलालजी उभेच राहिले. "भगवान के पेट में हाथ! बाई, तेरा दिमाग..."

"मालक, तुमच्या भगवानाच्या पोटात माती हाय. माह्या पोटात आग हाय. कोनाले आधी पाहाचं?"

मग ती थांबली. जंगलू सांगतो की इतका वेळ ती बोलत होती तेव्हा त्याला भीती वाटली नाही, पण ती थांबली तेव्हा वाटली. तिने मूर्तीकडे पाहिलं आणि पदर सावरला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या मेलेल्या कारागिराला म्हणाली, "दादा, तू मले भावासारखा. तुही चूक मी झाकली असती. पन माहा भाऊ अडकला." आणि तिने मूर्ती फिरवून पाठ लोकांसमोर केली. चौकोनावर बोट ठेवलं. "हे थिगळ हाय. ओतताना भोक पडलं होतं."

थानेदाराने आधी हात घातला. त्याचा हात आधी आत जाईना आणि गेल्यावर बाहेर येईना. ही एक मिनिटाची गोष्ट मोहटोल्यात अजून सांगतात. श्यामलालजींनी बुद्ध धरला, जंगलूने थानेदार. हात सुटल्यावर तहसीलदारांनी आपला बारीक हात आत घालून बोट फिरवलं. "अरे, खरंच! कडा लागते. चौकोनी आहे."

"ख्रं," नंदलाल म्हणाला. "थिगळ असन. मी कुठं नाही म्हनतो? पन सोनं तर वरून लावतात, साहेब. सगळ्या अंगावर लावलं, मंग त्याच्यावरबी लावलंच असन. तेवढंच खरडलं. थिगळ असल्यानं खरडाले सोपं."

सगळे पुन्हा तिच्याकडे बघू लागले. असं बोलणं किती छान बसतं नाही? चोराला खरडायला सोपं गेलं म्हटलं, की झालं समाधान.

"शिशाच्या काशावर पाऱ्याचं सोनं धरत नाही," ती म्हणाली.

"चाळीस वर्स सोनं हातात हाय माह्या. मी नाही आयकलं."

"तू सोन्यावर सोनं लावते. काशावर लावलं कधी?"

नंदलालने घसा साफ केला आणि कसोटीचा दगड पिशवीत घातला.

"सिद्ध करता येईल का?" तहसीलदारांनी विचारलं. "मी उद्या दुपारपर्यंत थांबू शकतो."

हेच तिला नको होतं. सिद्ध करायचं म्हणजे पारा. तिने पदर कमरेला खोचला. मग नंदलालसमोर तळहात धरून म्हणाली, "पारा दे. तुह्यापाशी असतेच."

त्या दुपारी तिने भट्टी पेटवली. भाता जंगलूने मारला, कारण मारणारा दुसरा कोणी नव्हता. तळहाताएवढी तांब्याची पट्टी ओतली. तिच्यात मधोमध मुद्दाम भोक ठेवलं, आणि ते भोक घाटीच्या धातूने, शिसं असलेल्या काशाने भरलं. बुद्धाच्या पाठीसारखंच, चौकोनी. काम झालं तेव्हा जंगलूने विचारलं, "सोनं कुठून आनशीन वो?"

 तिने आरसा घेतला, नथ काढली, मोती सोडवून चिंधीत बांधला आणि सोन्याची तार हातोडीने पानासारखी ठोकली. जंगलू म्हणतो, ठोकताना ती रडत होती असं नाही. शिव्या देत होती. कोणाला, ते त्याला कळलं नाही, नावं फार होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा तीच मंडळी. शिपायांनी दुधरामलाही आणलं होतं, बेड्यांसकट. अनुसयाबाईने वारा पाहिला आणि सगळ्यांना एका बाजूला उभं केलं. स्वतः तोंडावर ओला पदर बांधला. दुधरामने शेगडी आणि पाऱ्याची कुपी पाहिली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा घाईत बोलला.

"बाई, नोको! नोको करू! सांग मी चोरलं म्हनून!"

"चूप बस."

"हमको धुएं से कुछ नहीं होता," म्हणत थानेदार धुराच्या वाटेत येऊन उभा राहिला.

"तुले नाही होत. तुह्या हाताले होते. पेला उचलता नाही आला मंग थाप काय मारशीन?" थानेदार सरकला.

तिने मुशीत सोन्याचं पान आणि पारा गरम केला. सोनं दिसेनासं झालं, पांढरं लोणी उरलं. पट्टी चिंचेने घासून ते लोणी सगळीकडे लेपलं. तांब्यावर आणि थिगळावर, दोन्हीकडे सारखंच, आणि नंदलालला दाखवून लेपलं. "पाहून घे. कमी-जास्त नाही." मग निखाऱ्यावर धरलं. पांढरा लेप राखाडी झाला, धूर निघाला आणि वाऱ्याबरोबर तलावाकडे गेला. हळूहळू तांब्यावर पिवळं उमटायला लागलं. पट्टी थंड झाल्यावर तिने अकिकाच्या दगडाने घोटली, आणि तांबं असं उजळलं की जंगलूच्या तोंडून "बाप्पा!" निघालं.

मधला चौकोन काळाच होता. त्यावर सोन्याचे पापुद्रे फुगून आले होते, पोळीवर फोड यावेत तसे. तिने अंगठा फिरवला आणि पापुद्रे गळून खाली पडले. चौकोनाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. तिने पट्टी मूर्तीच्या पाठीला लावून धरली. वर एक चौकोन, खाली एक चौकोन, दोन्ही काळे.

"त्या दादालेबी हेच झालं," ती म्हणाली. "त्यानं मंग वरून सोन्याचं पान चिकटवलं असन, डिंकानं. ते पान्यात गेलं. बाराशे वर्स तुमच्या तलावात राह्यलं, मालक. कोनी नेलं, त्या तलावाले विचारा. त्याले बेड्या घाला."

तहसीलदारांनी भिंग काढून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. "नंदलाल, आपलं काय म्हणणं?"

"ख्रं," नंदलाल म्हणाला. "मले... ख्रं. मले नवीनच दिसलं हे."

दुधरामच्या बेड्या तिथेच काढल्या. "चुकलो" असं कोणीच त्याला म्हणालं नाही. थानेदार म्हणाला, "जा. जा," तेही दोनदा. श्यामलालजी म्हणाले, "साहब, चाय लेंगे ना?" आणि आत गेले. चोर म्हणायला अंगणात यायचं आणि चोर नाही म्हणायची वेळ आली की चहा घ्यायला आत जायचं, हे बरं असतं. तहसीलदारांनी मात्र कागदावर सगळं लिहून घेतलं आणि ती पट्टी पुरावा म्हणून मूर्तीच्या पेटीतच घातली. अनुसयाबाईला विचारलं, "बाई, चालेल ना?" ती म्हणाली, "आता काय नाकात घालू?" तर देवाचं सोनं तिच्या नाकात आलं नाही. तिच्या नाकातलं सोनं देवाबरोबर नागपूरला गेलं. बांगड्या भरणारीने हे एकदा ऐकावं आणि मग पाहिजे तर गिऱ्हाइकाचा हात दाबावा.

दुधराम तीन दिवस बहिणीशी बोलला नाही, थिगळ दाखवलं म्हणून. चौथ्या दिवशी म्हणाला, "भूक... लागली." ती म्हणाली, "मंग इतके दिवस पोट थान्यात ठेवलं होतं का?" तेवढ्यावर ते मिटलं.

मिटलं नाही ते मालगुजाराचं. तिला दुसरं काही नको होतं. ज्या तोंडाने श्यामलालजींनी चारचौघांत दुधरामला चोर म्हटलं, त्याच तोंडाने, तिच्या दारात येऊन, "चुकलो" म्हणावं. एवढंच. ती रोज मेण वळता वळता हे म्हणायची, आणि ऐकायला जो कोणी असेल त्याला ऐकवायची.

ऐकायला बरेचदा हे लिहिणारा असायचा, कारण घर समोरचंच. आणि गावातला प्रत्येक आवाज आपल्या घशातून काढता येतो म्हणून प्रत्येकाच्या मनातलंही आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता. तो म्हणाला, मालक येतील. पोळ्याच्या आत येतील, कारण पोळ्याला त्यांच्या आठ जोड्यांना घाट्या लागतात, आणि घाटी अनुसयाबाईचीच लागते. तीन शेतांपलीकडून ओळखू येते ती.

"नाही येत."

"पैज."

"लाव. हरला तर दिवाळीपर्यंत गाभ्याची माती तुडवाची. रोज."

"अन तू हरली तर?"

"तर तू माही नक्कल करशीन तवा मी काही फेकून मारनार नाही."

असली संधी कोण सोडतो?

पोळ्याच्या दोन दिवस आधी श्यामलालजींचा गडी सुखराम आला. हातात नारळ, काखेत नवं लुगडं. "मालकानं पाठवलं."

"काय म्हनत होता?"

"सोळा घाट्या पाहिजेत म्हनत होते."

"त्याच्या आधी काय म्हनत होता?"

सुखरामने बराच विचार केला. "'जा' म्हनत होते."

"मंग जा. हे घेऊन जा."

सुखराम गेला. हे लिहिणाऱ्याने भांडून पाहिलं. नारळ आणि लुगडं पाठवणं म्हणजे चुकलो म्हणणंच की, मोठी माणसं असंच म्हणतात. पैज जिंकल्यात धरावी.

"नारळ बोलते का गा?" अनुसयाबाई म्हणाली.

मग त्याने शेवटचा उपाय केला. छत्री मिटल्यासारखा हात केला, पोट पुढे काढलं आणि हुबेहूब श्यामलालजींच्या आवाजात म्हटलं, "अनुसयाबाई, हमारी गलती हो गई. दुधराम को चोर कहा, वो हमारी भूल थी." दुधराम भट्टीमागून उठून उभाच राहिला, मालक आले समजून.

अनुसयाबाईने मेण खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज बराबर हाय," ती म्हणाली. "मानूस नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी श्यामलालजींची दमणी, त्यांची बसायची बैलगाडी, तिच्या दारावरून गोंदियाकडे गेली आणि संध्याकाळी परत आली. बैलांच्या गळ्यात दुकानातून आणलेल्या घाट्या होत्या. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून पोरं पळवावीत तसा त्यांचा आवाज. श्यामलालजी दमणीत ताठ बसले होते आणि दोन्ही वेळा बैलाच्या कानाकडे बघत होते.

पोळा फुटला त्याच्या दुसऱ्या सकाळपासून हे लिहिणारा पोटरीपर्यंत वारुळाच्या मातीत उभा होता. पायाखाली कोंडा टोचत होता. ओट्यावर मेणाचा दोरा वळत अनुसयाबाई सांगत होती, "तिकडं, तिकडं कोपऱ्यात. खडा राह्यला तिथं. पाहून का राहिला माह्याकडं? तुडव."